पट्टीवरचं ऑइल

अण्णांच्या लातूरच्या घरापुढं शहाबादी फरशी आहे. गाडी उभी राहते तिथं त्या फरशीवर एक डाग पडला, आणि तो सगळ्यात आधी दिसला पुण्यात बसलेल्या माझ्या धाकट्या भावाला. अण्णा व्हिडिओ कॉलवर त्याला कुंडीतली मिरची दाखवत होते. मिरचीच्या मागं गाडी होती आणि गाडीखाली डाग. त्यानं अण्णांना काही विचारलं नाही, मला वेगळा फोन केला.

"ताई, गाडी ऑइल गाळतेय. अण्णांकडून आता निगा होत नाही. विकून टाकू."

गाडी त्यानंच घेऊन दिली होती, तेव्हा विकण्याची भाषाही तोच करणार. पण मला राग आला. मी नांदेडला शाळेत शास्त्र शिकवते, वर्गात बऱ्यापैकी शांत असते, पण भावाशी बोलताना माझा पारा चढायला फार कारण लागत नाही. आई गेल्यापासून अण्णा लातूरला एकटे राहतात. गाडी होती म्हणून ते शेतावर जायचे, मनात आलं की चाकूर, अहमदपूर, लोहा करत माझ्याकडं नांदेडला यायचे. गाडी काढून घेतली तर माणूस खुर्चीत बसेल आणि खुर्चीतून उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, "गळतं तर बुजवता येतं. म्हणून कुणी गाडी विकतं का?"

"मग शोध तू कुठून गळतंय ते," तो म्हणाला. "सापडलं तर गाडी राहू दे."

मी म्हटलं, शोधते. पैज लावल्यासारखंच झालं.

अण्णा शेतीखात्यात नोकरीला होते. आयुष्यभर खात्याच्या जीपमधून गावोगाव हिंडले, आणि ड्रायव्हर दिलेला असला तरी स्वतःच चालवायचे. गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना आवडायचा नाही. घरच्या गाडीचं ऑइल ते स्वतःच बदलत. मला लहानपणी त्यांनी पाना धरायला शिकवलं होतं, भावाला नाही, कारण भाऊ कपडे काळे होतील म्हणून पळून जायचा. ही नवी गाडी पेट्रोलची, टर्बोवाली. भावानं ती आणली तेव्हा अण्णांनी पहिले काही दिवस तिच्याकडं संशयानं पाहिलं. एवढंसं इंजिन आणि एवढा जोर, म्हणजे काहीतरी लबाडी असणार, असं त्यांचं मत. मग त्यांनी तिचं पुस्तक वाचून काढलं आणि मला समजावलं: धुरांड्याकडं जाणारी गरम हवा टर्बोतला एक पंखा फिरवते, तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि त्या भन्नाट फिरणाऱ्या पंख्याला सांभाळतं ते फक्त ऑइल. गाडी लांबून आली की लगेच बंद करायची नाही. थोडा वेळ इंजिन चालू ठेवून थांबायचं, म्हणजे पंखा सावकाश थंड होतो. नाहीतर आतलं ऑइल जळून बसतं.

"दुरून आलेल्या माणसाला आपण काय करतो? आधी पाणी देतो. दम खाऊ देतो. आल्याबरोबर विचारत न्हाई, काय काम काढलं म्हणून," अण्णा म्हणाले. "तसंच हाय हे."

तेव्हापासून ते नांदेडला आले की फाटकाशी गाडी उभी करून आत तसेच बसून राहायचे. शेजारच्या सीटवर आई. मी फाटक उघडून उभी, आणि ते काचेतून हात करायचे, थांब, दम खायलीय. आई कंटाळून खाली उतरायची आणि म्हणायची, "मला बी दम लागलाय की, पण मला कोण विचारतंय!"

आईच्या दमाचं कारण आम्हाला माहीत होतं. लातूरपासून नांदेडपर्यंत ती अखंड बोलत यायची. अहो, म्हैस. अहो, खड्डा. अहो, उजवीकडून ट्रॅक्टर येतोय. अहो, पोरगं रस्ता ओलांडतंय. आम्ही तिला फार चिडवायचो. भाऊ तिची नक्कल करायचा, जेवताना सुद्धा म्हणायचा, अहो, वरण. अहो, चटणी. अण्णा हसायचे. आई रागवायची नाही. "घाबरट हाय मी, असू द्या," एवढंच म्हणायची.

डाग दिसला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात अण्णा एकटे नांदेडला आले होते, तेव्हा मी त्यांची गाडी माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडं नेली होती. मागून निळसर धूर येत होता आणि जळकट वास. मेकॅनिक तोंडाळ, पण कामाचा. त्यानं बोनेट उघडलं, ऑइल मोजायची लांब पट्टी ओढून काढली आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही? ऑइल लई भरलंय. पट्टीवर दोन खुणा कशाला दिल्या हाय मग? खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधी ठेवायचं असतं. जास्त झालं की आत फेस होतो, नळीतून वर चढतं आणि टर्बोत जातं."

अण्णा अजिबात ओशाळले नाहीत. ते म्हणाले, "आमच्याकडं पायलीनं ज्वारी मोजून दिली तरी वर एक मूठ टाकतेत. नुसतं मापात देणं बरं दिसत न्हाई."

मेकॅनिक पोट धरून हसला. मीही हसले. आमच्या आजोळी खरंच तशी रीत होती. पायली काठोकाठ भरली की वरून मूठभर आणखी टाकायची, आणि न टाकणाऱ्याला लोक पाठीमागं चिंगूस म्हणायचे. मेकॅनिकनं जास्तीचं ऑइल काढलं, "टर्बोबी जरा ओला दिसून राहिला, लक्ष ठेवा," म्हणाला आणि आम्ही घरी आलो. रात्री मी भावाला फोनवर वरच्या मुठीची गोष्ट सांगितली आणि तोही हसला. अण्णांनीही मान हलवून कबूल केलं, पुन्हा मूठ टाकणार नाही. माझ्या दृष्टीनं तो विषय तिथंच संपला होता.

नंतर काही महिने गाडी ठीक होती. दिवाळीच्या आधी ऑइल बदलायची वेळ झाली, तेव्हा अण्णांनी नेहमीप्रमाणे एकट्यानंच बदललं. आणि मग हा डाग. म्हणून दिवाळीची सुट्टी लागल्यावर मी लातूरला गेले ती पैज जिंकायच्या तयारीनं, जुने कपडे घेऊन.

पहिल्याच सकाळी म्हटलं, नव्यानं सुरुवात करू. फिल्टर बदलू, ऑइल बदलू, म्हणजे शंका नको. अण्णांना आनंद झाला. नवंकोरं ऑइल फुकट जाणार याचं त्यांना थोडं वाईट वाटलं, पण लेकीबरोबर गाडीखाली काम करायला मिळतंय हे जास्त होतं. आम्ही पुढची चाकं दोन फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन थोडं गरम करून घेतलं, कारण गार ऑइल खाली यायला नखरे करतं. मी खाली शिरून चेंबरचा नट सैल केला. चेंबर म्हणजे इंजिनाचं पोट, सगळं ऑइल तिथं साठतं. खाली घमेलं ठेवलं होतं. धार पडली ती बरीच वेळ पडत राहिली. मला जरा जास्त वाटली, पण गाडीच्या खाली झोपलेल्या माणसाला सगळंच जास्त वाटतं.

नटाची चकती नवी घातली. नवा फिल्टर लावायच्या आधी त्याच्या रबराला बोटानं ऑइल लावलं, आणि जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते चाचपून पाहिलं. ते राहिलं आणि त्याच्यावर नवं बसलं तर हमखास गळती. हेही अण्णांनीच मला शिकवलेलं. मग मी पुस्तकात लिहिलंय तेवढंच ऑइल डब्यातून मोजून ओतलं. पट्टी घालून काढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेला. नवं ऑइल पातळ मधाच्या रंगाचं असतं, पट्टीवर नुसती ओल चमकते.

"बघा अण्णा, बरोबर आहे ना?" मी पट्टी पुढं केली.

"तू बघितलंस ना? मग झालं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

फरशीवरचा डाग मी साबणचुरा आणि काथ्यानं घासला. पाणी मात्र जपून. लातूरच्या माणसासमोर अंगणात पाणी ओतून दाखवा, तो तुमच्याशी आठवडाभर बोलणार नाही. डाग पुसट झाला, पूर्ण गेला नाही. मी त्या जागी वर्तमानपत्र अंथरलं आणि भावाला फोटो पाठवला: स्वच्छ.

चारपाच दिवस बरे गेले. आम्ही गाडीनं शेतावर जाऊन आलो, तूर पाहिली. अण्णा चालवत होते, सावकाश, रस्त्याच्या मधून. मी त्यांना एकदोनदा म्हटलं, जरा डावीकडं घ्या की. ते म्हणाले, रस्ता मोकळाच हाय. रोज सकाळी पूजा झाली की ते बोनेट उघडून उभे राहायचे. मी चहा घेत आतून बघायची. बोनेटच्या मागं त्यांचा फक्त सदरा दिसायचा.

मग एका सकाळी वर्तमानपत्रावर थेंब पडलेले दिसले. राशिभविष्याच्या बरोबर मधे. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. भावानं नेमका त्याच सकाळी फोन केला आणि विचारलं, "काय म्हणतेय गळती?" मी म्हटलं, "शोधतेय अजून," आणि फोन ठेवला.

अण्णा म्हणाले, "थेंब पडतो तिथं बघू नको. तेल वरून निघतं आणि खाली दिसतं. गाडी पळताना वारं त्याला मागं नेतं. तू खालून वर जा." हे त्यांचं जुनं शास्त्र. आम्ही फडक्यावर रॉकेलसारखं काहीतरी घेऊन इंजिन जमेल तेवढं पुसून काढलं, वाळू दिलं. आता कुठून ओलं होतंय ते दिसायला वर पांढरी पावडर भुरभुरायची, मग इंजिन चालू ठेवायचं. ऑइल जिथून निघेल तिथं पावडर काळी पडते आणि वाट दाखवते.

"पावडर आहे का घरात?" मी विचारलं.

अण्णा थोडा वेळ उभे राहिले, मग आत गेले. आईच्या कपाटातून तिचा पावडरचा डबा घेऊन आले. अर्धा भरलेला होता. त्यांनी तो मला दिला नाही, स्वतःच झाकण फिरवून इंजिनावर भुरभुरला. उन्हानं तापलेल्या इंजिनावर पावडर पडली आणि अंगणभर आईचा वास पसरला. मला आई हवी होती, अगदी त्या क्षणी, गाडीपाशी उभी राहून बडबड करायला.

इंजिन चालू ठेवलं, एक फेरी मारून आलो. बोनेट उघडलं तेव्हा पांढऱ्यावर एक तपकिरी ओघळ उतरलेला स्पष्ट दिसत होता. मी खालून वर गेले. चेंबरचा नट कोरडा. फिल्टर कोरडा. ओघळ चढत चढत गेला टर्बोकडं, आणि टर्बोच्याही वर, इंजिनातली वाफ ज्या रबरी नळीतून टर्बोत जाते तिच्या जोडापाशी. तिथं सगळं लिबलिबीत झालं होतं. म्हणजे टर्बो गेलेला नव्हता. ऑइल वरून, नळीतून येत होतं. आतून कुणीतरी वर ढकलल्यासारखं.

"सापडलं!" मी ओरडले. "अण्णा, जोड आहे हा नुसता! क्लिप आवळली की झालं!"

मी क्लिप आवळली. भावाला फोन करायला मोबाइल काढला सुद्धा. अण्णाही खूश. ते म्हणाले, "एवढं गळलंय म्हणजे आत कमी झालं असंल. बघतो."

त्यांनी पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घातली, काढली. उन्हाकडं तोंड करून डोळ्यांपाशी धरली. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

"कोरडीच हाय की," ते म्हणाले आणि ऑइलच्या डब्याकडं हात नेला.

पट्टी कोरडी नव्हती. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. सकाळच्या उन्हात चमकत होतं, मधाच्या रंगाचं, आणि ते अण्णांना दिसत नव्हतं.

फोन माझ्या हातात तसाच राहिला. मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसली. ऑइल जुनं होऊन काळं पडलं की त्यांना पट्टीवर ते दिसायचं, तेव्हा गाडी महिनोनमहिने ठीक असायची. ऑइल नवं असलं, पाण्यासारखं स्वच्छ असलं की त्यांना पट्टी कोरडी दिसायची. रोज सकाळी पूजेनंतर कोरडी. रोज सकाळी थोडं आणखी. वरची मूठ ज्वारीची नव्हती. ती गोष्ट त्यांनी मेकॅनिकसमोर ऐनवेळी रचली होती, आणि मी ती गावभर हसत सांगितली होती.

मी डबा त्यांच्या हाताखालून हळूच उचलला. "राहू द्या अण्णा. बरोबर आहे," म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा त्यांना किती दिसला कोण जाणे. पण आवाज ऐकू आलाच असणार, कारण मग ते पायरीवर जाऊन बसले आणि मी पुन्हा गाडीखाली शिरून जास्तीचं ऑइल घमेल्यात सोडलं. ते त्यांनी दुपारी मागच्या दाराच्या चौकटीला लावलं, वाळवी लागू नये म्हणून. अगदी निगुतीनं, हातानं चाचपत.

भावाला मी फोन केला नाही. काय सांगणार होते? गळती सापडली, असं म्हटलं असतं तर तेही खरंच होतं.

सुट्टी संपली. दरवेळी अण्णाच मला गाडीनं नांदेडला सोडायचे आणि एकदोन दिवस राहून परत जायचे. मी रात्रभर शब्द जुळवत होते: चालवू नका कसं म्हणायचं, जीपमधून आयुष्य काढलेल्या माणसाला. सकाळी पिशव्या घेऊन बाहेर आले तर अण्णा आधीच गाडीत बसलेले होते. डाव्या बाजूला, आईच्या सीटवर. किल्ली लावलेली होती.

"चालव तू," ते म्हणाले. "माझी कंबर धरलीय."

मी चालवत राहिले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. अण्णा गप्प. त्या सीटवर कुणी गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. लोह्याच्या अलीकडं रस्त्यात म्हशींचा कळप आडवा आला, मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. अण्णांनी समोर बघत विचारलं, "काय झालं?"

म्हशी आमच्या पुढून जात होत्या. काळ्याभोर, दिवसाढवळ्या.

"काही नाही," मी म्हटलं. "म्हशी."

नांदेडला फाटकाशी गाडी उभी केली. सवयीनं हात किल्लीकडं गेला आणि अण्णांनी माझा हात धरला. "दम खाऊ दे तिला," ते म्हणाले. इंजिन बारीक आवाजात चालू राहिलं. मी वाट बघत बसले. दुरून आलेल्याला आल्याबरोबर विचारायचं नसतं.

"तुझी आई घाबरट नव्हती," थोड्या वेळानं अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडं वळले. ते काचेतून समोर बघत होते.

"अहो म्हैस, अहो खड्डा करायची ना. तुम्ही हसायचे. ती मला सांगायची. मला त्या वक्ती बी नीट दिसत नव्हतं. पट्टी मी धरायचो, ती बघायची. म्हणायची, ऑपरेशन करून घ्या. मला लई भीती वाटायची डोळ्याला कुणी हात लावायची. मग म्हणाली, बरं, मी हाय तवर सांगते."

अण्णांनी दुसऱ्या हातानं खिशातून रुमाल काढून मला दिला, मग त्या हाताची बोटं सदऱ्याला पुसली, काही लागलेलं नसताना.

"ती गेल्यावर मी एकटाच आलो दोनतीन वेळा. कसा आलो माझं मला ठावं," ते म्हणाले. "डोळ्याच्या डॉक्टरला इथंच दाखवू. तू संगं चल."

"हो अण्णा."

इंजिन अजून चालू होतं. त्यांनी कान देऊन ऐकलं, लहानपणी मला शिकवताना ऐकायचे तसं, मान थोडी कलती करून. मग माझा हात सोडला.

"झालं," ते म्हणाले. "आता कर बंद."